तोच घुसखोरीचा अलर्ट पुन्हापुन्हा येतोय? पहिल्या तासाभरात काय करायचं

लक्षण

ईडीआर (मशीनवरच्या हालचालींवर नजर ठेवणारं सुरक्षा सॉफ्टवेअर) किंवा अँटिव्हायरस घुसखोरीचा अलर्ट देतो. फाईल क्वारंटाईनमध्ये, म्हणजे वेगळ्या बंद जागेत, टाकल्याचा शेरा दिसतो. कोणीतरी मशीन रीस्टार्ट करतं, पूर्ण स्कॅन लावतं, स्कॅन स्वच्छ निघतो आणि तिकीट (तक्रारीची नोंद) बंद होतं. दोन-चार दिवसांनी तोच अलर्ट येतो, बहुतेक वेळा त्याच मशीनवर, कधी शेजारच्या. मग पुन्हा तेच सोपस्कार.

तुमच्याकडे हे दुसऱ्यांदा घडलं असेल तर तिसऱ्यांदा क्वारंटाईनवर समाधान मानू नका. दुसऱ्यांदा आलेला तोच अलर्ट सांगतो की फाईल गेली, पण ती आणून ठेवणारा अजून आत आहे.

मूळ कुठे असतं

अलर्टमध्ये जी फाईल पकडली जाते ती साखळीतली शेवटची कडी असते. ती कुठल्यातरी प्रोसेसने तिथे लिहिलेली असते. ती प्रोसेस एखाद्या शेड्युल्ड टास्कने (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाने) किंवा सर्व्हिसने सुरू केलेली असते. तो टास्क कोणाच्यातरी लॉगिनखाली तयार झालेला असतो आणि ते लॉगिन चोरलेल्या पासवर्डवर झालेलं असतं. टूलला ओळखीची वाटली ती फक्त फाईल, म्हणून त्याने तेवढीच उचलली. बाकी साखळी शाबूत राहते आणि ठरल्या वेळी नवी फाईल आणून ठेवते.

हे मी शिकलो ते एका हिशेब विभागाच्या मशीनवर. पहिला अलर्ट रात्री २ वाजून १७ मिनिटांचा होता: पॉवरशेलची (विंडोजमध्ये आज्ञा चालवायच्या साधनाची) संशयास्पद हालचाल, प्रोग्रॅमडेटा फोल्डरमधली एक फाईल क्वारंटाईन. सकाळी आम्ही रीस्टार्ट केलं, स्कॅन केला, तिकीट बंद. तीन दिवसांनी पुन्हा अलर्ट, पुन्हा तेच. त्यानंतर पाच दिवसांनी तिसरा आला तेव्हा एका सहकारी मुलीने तिन्ही तिकिटं शेजारीशेजारी ठेवली. तिन्हींची वेळ २:१७. माणूस इतका घड्याळाबरहुकूम वागत नाही. टास्क शेड्युलर उघडला तर अपडेटरसारखं नाव घेतलेला एक टास्क निघाला. विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरातल्या टास्क्स या फोल्डरमध्ये प्रत्येक टास्कची एक्सएमएल फाईल असते. तिच्यात तो केव्हा आणि कोणाच्या नावाने नोंदला गेला ते लिहिलेलं होतं: पहिल्या अलर्टच्या सहा दिवस आधी, बॅकअपसाठी ठेवलेल्या सर्व्हिस अकाऊंटच्या नावाने. त्या अकाऊंटला हिशेबाच्या मशीनवर रिमोट डेस्कटॉपने येण्याचं काहीच कारण नव्हतं.

पुढचा माग काढायला लॉग उघडले आणि तिथे हात टेकले. सिक्युरिटी लॉगमध्ये जेमतेम दोन दिवसांच्या नोंदी उरल्या होत्या. विंडोजमध्ये या लॉगचा मूळ आकार २० एमबी असतो, तो भरला की जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात. पहिल्या दिवशी पाच मिनिटं काढून लॉगची प्रत घेतली असती तर निदान त्या रात्रीच्या नोंदी तरी हाताशी असत्या.

पहिल्या पंधरा मिनिटांत हात आवरा

सगळ्यात मोठं नुकसान रीस्टार्टने होतं. मेमरीत चालू प्रोसेस असतात, उघडी नेटवर्क कनेक्शन्स असतात, डिस्कवर कधीच न उतरलेला कोड असतो. मशीन बंद झालं की हे सगळं गेलं. फेब्रुवारी २००२ मध्ये आलेल्या आरएफसी ३२२७ या मार्गदर्शक दस्तऐवजात पुरावा गोळा करण्याचा क्रम दिला आहे: जे लवकर नाहीसं होतं ते आधी घ्या. म्हणजे आधी मेमरी, प्रोसेसची यादी, एआरपी आणि राउटिंगची (नेटवर्कवरच्या पत्त्यांची आणि वाटांची) कोष्टकं, मग तात्पुरत्या फाईली, मग डिस्क, आणि शेवटी बॅकअप.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाईलींना कुलूप लावून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर पसरलं तेव्हा याचं एक उदाहरण सगळ्यांसमोर आलं. आद्रियाँ गिने या फ्रेंच संशोधकाने दाखवून दिलं की विंडोज एक्सपीवर किल्ली तयार करताना वापरलेल्या मूळ संख्या मेमरीत शिल्लक राहतात आणि त्यांच्यावरून कुलूप उघडता येतं. अट एकच होती, मशीन मधल्या काळात रीस्टार्ट झालेलं नको, आणि मेमरीतला तो भाग दुसऱ्या कशाने व्यापलेला नको. घाबरून ज्यांनी पॉवर बटण दाबलं त्यांच्या हातून ती शक्यता गेली.

दुसरी चूक अनुभवी माणसांकडून जास्त होते. संशयित मशीनवर ते, ऑफिसच्या सगळ्या मशीनांवर हक्क असलेल्या, डोमेन अ‍ॅडमिनने लॉगिन करतात. घुसखोर नेमकं याचीच वाट बघत असतो. तुमचा पासवर्ड किंवा त्याचा हॅश (त्यावरून काढलेली, ठशासारखी ओळ) त्या मशीनच्या मेमरीत आला की तो तिथून उचलता येतो, आणि एका मशीनवरचं दुखणं सगळ्या डोमेनचं होतं. त्या मशीनपुरतं स्थानिक अ‍ॅडमिन अकाऊंट वापरा, ज्याचा पासवर्ड इतर कुठल्याही मशीनवर नाही. नाहीतर ईडीआरच्या कन्सोलमधून काम करा.

तिसरी गोष्ट, सापडलेली फाईल लगेच कुठल्याही सार्वजनिक तपासणी संकेतस्थळावर चढवू नका. फक्त तुमच्यासाठी बनवलेली फाईल असेल तर ती तिथे दिसली की हल्लेखोराला आपण पकडले गेल्याचं कळतं. शिवाय फाईलमध्ये तुमचीच माहिती असू शकते. तिचा एसएचए-२५६ हॅश काढा आणि त्या ६४ अक्षरांच्या ओळीवरून शोध घ्या. शोधाने फाईल बाहेर जात नाही.

आणि या सगळ्याची चर्चा ऑफिसच्या मेलवर करू नका. मेलबॉक्सच घुसखोराच्या ताब्यात असेल तर तुमची प्रत्येक योजना तो वाचतोय. फोन करा, किंवा ऑफिसच्या लॉगिनशी संबंध नसलेल्या दुसऱ्या साधनावर एक छोटा गट करा.

अलर्ट शेवटपर्यंत वाचा

हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. बरेच जण मथळा आणि तीव्रतेचा रंग बघून निर्णय घेतात. मला स्वतःला 'उच्च' आणि 'मध्यम' या शब्दांवर फारसा भरवसा उरलेला नाही. आमचा २:१७ चा अलर्ट 'मध्यम' होता.

आधी बघा की टूलने कृती रोखली की फक्त नोंदवली. 'आढळलं' आणि 'अडवलं' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि अडवलं असेल तरी त्याआधी काय काय घडून गेलं हे बघायचंच असतं. मग बघा जनक प्रोसेस, म्हणजे पकडलेली प्रोसेस जिने सुरू केली ती. एक्सप्लोररने पॉवरशेल सुरू केलं तर कदाचित कोणी माणसाने उघडलं असेल. वर्डने पॉवरशेल सुरू केलं तर कागदपत्रातल्या मॅक्रोचा (आत ठेवलेल्या छोट्या प्रोग्रॅमचा) संशय घ्या. वेब सर्व्हरच्या प्रोसेसने कमांड शेल सुरू केला तर बहुतेक वेबसाईटच्या फोल्डरात कोणीतरी वेबशेल (बाहेरून आज्ञा चालवू देणारी फाईल) टाकून ठेवलाय.

त्यानंतर पूर्ण कमांड लाईन वाचा. पॉवरशेलपुढे अक्षरांची लांबलचक निरर्थक साखळी दिसली तर ती बहुधा बेस६४ या लिहिण्याच्या पद्धतीत गुंडाळलेली आज्ञा असते. मशीनवर न चालवता, दुसऱ्या सुरक्षित मशीनवर ती उलगडा. उलगडल्यावर प्रत्येक अक्षरानंतर रिकामा बाईट दिसला तर गोंधळू नका, पॉवरशेल यूटीएफ-१६ (अक्षरामागे दोन बाईट) वापरतं म्हणून तसं दिसतं. आत एखादा पत्ता सापडला तर तो लिहून ठेवा, पण ब्राउझरमध्ये उघडून बघू नका.

वेळ नोंदवताना ती यूटीसी (जगभर एकच धरली जाणारी प्रमाणवेळ) आहे की स्थानिक हे शेजारी लिहा. विंडोज नोंद यूटीसीत साठवतं आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये स्थानिक वेळ दाखवतं. फायरवॉल एका वेळेत, सर्व्हर दुसऱ्या वेळेत असला की घटनाक्रम उलटा दिसतो आणि अख्खा दिवस चुकीच्या मशीनमागे जातो.

'खोटा अलर्ट असेल' असं वाटतंय?

असेलही. बहुतेक ठिकाणी रोजच्या अलर्टांमध्ये खोटे बरेच असतात, आणि दिवसभर तेच बघणाऱ्या माणसाचा थकवा मला समजतो. पण खोटा ठरवायलाही पुरावा लागतो. 'ओळखीचं सॉफ्टवेअर आहे, कंपनीची सही आहे' हा पुरावा पुरेसा नाही. मार्च २०२३ मध्ये थ्रीसीएक्स या फोन-सॉफ्टवेअरच्या डेस्कटॉप अ‍ॅपवर सेंटिनेलवन या ईडीआरचे अलर्ट यायला लागले. अ‍ॅप अधिकृत अपडेटमधून आलेलं होतं, त्यावर कंपनीची खरी डिजिटल सही होती. साहजिकच अनेकांना तो खोटा अलर्ट वाटला. २२ मार्चपासून अलर्ट येत होते आणि २९ मार्चला जाहीर झालं की अपडेटमध्येच घातक कोड घुसवला गेलाय. त्या आठवड्यात ज्यांनी अ‍ॅपला सूट देऊन अलर्ट गप्प केला त्यांनी स्वतःच दार उघडून दिलं.

मी वापरतो ती कसोटी साधी आहे. ही कृती कोणी, कोणत्या कामासाठी केली हे नाव घेऊन सांगणारा जिवंत माणूस सापडला का? त्याला फोन करा. 'हो, त्या रात्री मीच ती स्क्रिप्ट लावली होती' असं तो म्हणाला आणि वेळ, मशीन, अकाऊंट तिन्ही जुळलं, तर अलर्ट खोटा. तसा माणूस सापडेपर्यंत तिकीट उघडंच ठेवा.

काय आणि कसं टिपून घ्यायचं

एक वही किंवा साधी टेक्स्ट फाईल घ्या, ती संशयित मशीनवर नको. प्रत्येक कृती वेळेसह लिहा: कोणी, काय केलं, काय दिसलं. पुढे लॉगमध्ये तुमच्याच हालचाली घुसखोराच्या वाटू नयेत म्हणूनही हे लागतं.

मग मेमरी. व्हर्च्युअल मशीन असेल तर काम सोपं आहे, मेमरीसकट स्नॅपशॉट घ्या. प्रत्यक्ष मशीन असेल तर मेमरी डंप (मेमरीची प्रत) घेणारं टूल बाहेरच्या ड्राईव्हवरून चालवा आणि डंप त्याच ड्राईव्हवर लिहा. तसं टूल आधीपासून तयार ठेवलेलं नसेल तर त्यासाठी तासभर शोधाशोध करू नका, पुढे चला.

विंडोजवर नेटस्टॅटने कनेक्शन्स प्रोसेस क्रमांकासह बघा, टास्कलिस्टने प्रोसेस बघा, दोन्हींचा आउटपुट बाहेर साठवा. त्यानंतर लगेच सिक्युरिटी, सिस्टिम आणि पॉवरशेलचे लॉग एक्स्पोर्ट करून दुसरीकडे न्या. वाचायचे नंतर. वाचताना मी आधी ४६२४ क्रमांकाच्या नोंदी बघतो, म्हणजे यशस्वी लॉगिन, आणि त्यात लॉगिनचा प्रकार. प्रकार १० म्हणजे रिमोट डेस्कटॉप, प्रकार ३ म्हणजे नेटवर्कवरून. मग ४६२५, फसलेली लॉगिन्स. फसलेल्यांची रांग आणि तिच्या शेवटी एक यशस्वी असं चित्र दिसलं तर पासवर्ड तिथेच फुटला. ४७२० म्हणजे नवं अकाऊंट, ७०४५ म्हणजे नवी सर्व्हिस, ४६९८ म्हणजे नवा शेड्युल्ड टास्क, पण हा शेवटचा त्या प्रकारचं ऑडिट चालू असेल तरच नोंदला जातो. आमच्याकडे नव्हतं. आणि ११०२ दिसला तर कोणीतरी सिक्युरिटी लॉगच पुसलाय. तसं करण्याचं कारण सांगणारा माणूस नसेल तर घुसखोरी झाली असं धरूनच पुढे जा.

लिनक्सवर चालू प्रोसेसचं झाड, उघडे सॉकेट, लास्ट कमांडची यादी आणि लॉगिनचे लॉग घ्या. घातक प्रोसेस चालू असते पण तिची फाईल डिस्कवरून पुसलेली असते, असं इथे बऱ्याचदा दिसतं. घाईने ती प्रोसेस मारू नका. जोवर ती जिवंत आहे तोवर प्रॉक फोल्डरमध्ये तिच्या क्रमांकाखाली 'एक्झी' नावाचा दुवा असतो आणि त्यावरून मूळ फाईलची प्रत काढता येते. प्रोसेस मेली की दुवाही गेला.

मशीन नेटवर्कपासून केव्हा तोडायचं

यावर लोक हिरीरीने वाद घालतात. घुसखोराला लगेच हाकलावं की थोडा वेळ पाळत ठेवून त्याचा पसारा समजून घ्यावा? १९८६ साली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल यांना संगणक वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक दिसला. त्यांनी घुसखोराला हाकललं नाही. तो काय टाईप करतो ते प्रिंटरवर छापून घेत राहिले, आणि बऱ्याच महिन्यांनी माग जर्मनीतल्या हानोव्हरपर्यंत पोचला. थक्क करणारा तपास होता तो. पण आज एका रात्रीत सगळ्या फाईलींना कुलूप लागू शकतं, त्यामुळे तितका धीर धरण्याचा सल्ला मी कुणालाही देणार नाही.

माझी रेघ अशी आहे. फाईली एन्क्रिप्ट होताना दिसतायत, डेटा बाहेर जातोय, किंवा डोमेन कंट्रोलरवर (सगळ्या ऑफिसची लॉगिन सांभाळणाऱ्या सर्व्हरवर) हालचाल आहे, तर पुराव्याचा विचार बाजूला ठेवा आणि त्या क्षणी तोडा. बाकी वेळी वीस-तीस मिनिटं घेऊन वर सांगितलेलं टिपा, मग तोडा.

तोडणं म्हणजे नेटवर्क तोडणं. वीज चालू राहू द्या. ईडीआरमध्ये आयसोलेट करण्याची सोय असते, ती वापरलीत तर मशीन जगापासून तुटतं पण तुमच्या कन्सोलशी बोलत राहतं. ती नसेल तर केबल काढा, वायफाय बंद करा. व्हर्च्युअल मशीन असेल तर त्याचं नेटवर्क कार्ड डिस्कनेक्ट करा. नुसता एक आयपी पत्ता फायरवॉलवर अडवून थांबू नका. घुसखोराकडे दुसरा पत्ता असतो, आणि तुम्हाला कळलंय हे मात्र त्याला समजतं.

घुसखोर परत कुठून येतो

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. अलर्ट पुन्हा येण्याचं कारण नव्वद टक्के या यादीतच सापडतं असं म्हणायचा मोह होतो, पण आकडा मोजलेला नाही, म्हणून एवढंच सांगतो की माझ्या कामात ते बहुतेक वेळा इथेच सापडलं.

विंडोजवर शेड्युल्ड टास्क, सर्व्हिसेस, रजिस्ट्रीतल्या रन की (लॉगिनबरोबर काय सुरू करायचं त्याच्या नोंदी), स्टार्टअप फोल्डर आणि डब्ल्यूएमआयच्या इव्हेंट सबस्क्रिप्शन्स ('अमुक घडलं की तमुक चालवा' अशा विंडोजच्या आतल्या नोंदी). शेवटची जागा बघायची राहूनच जाते, कारण ती टास्क शेड्युलरमध्ये दिसत नाही. लिनक्सवर प्रत्येक वापरकर्त्याचा क्रॉन (ठरल्या वेळी चालवायच्या कामांची यादी), सिस्टिमडीच्या सर्व्हिस आणि टायमर, एलडी डॉट एसओ डॉट प्रीलोड ही प्रोग्रॅमबरोबर आधी काय लोड करायचं ते सांगणारी फाईल, आणि एसएसएचची ऑथराईज्ड कीज फाईल, म्हणजे पासवर्डाशिवाय आत येऊ देणाऱ्या किल्ल्यांची यादी. तिच्यात तुमच्या ओळखीची नसलेली एक ओळ असेल तर तुम्ही पासवर्ड शंभर वेळा बदलला तरी तो आत येणार.

क्लाऊड आणि मेलच्या अकाऊंटवर हेच थोडं वेगळं दिसतं. पासवर्ड बदलला, तरी बऱ्याच सेवांत आधीची सेशन्स आणि टोकन (पासवर्ड न विचारता आत ठेवणारे पास) तशीच चालू राहतात. ती वेगळी रद्द करावी लागतात. फॉरवर्डिंगचे नियम बघा. 'इनव्हॉइस' शब्द असलेला मेल बाहेरच्या पत्त्यावर पाठवा आणि इथून लपवा, अशा धर्तीचा नियम घुसखोर आवर्जून करून ठेवतात. परवानगी दिलेली बाहेरची अ‍ॅप्स तपासा आणि दुसऱ्या पायरीच्या ओळखीसाठी नोंदलेले फोनही तपासा. त्यातला एक त्याचा असू शकतो.

डोमेन कंट्रोलरपर्यंत हात पोचल्याची शंका असेल तर केआरबीटीजीटी या, डोमेनमधल्या लॉगिन-तिकिटांवर शिक्का मारणाऱ्या, अकाऊंटचा पासवर्ड दोनदा बदलावा लागतो, कारण आधीचा पासवर्डही चालत राहतो. दोन बदलांमध्ये सगळ्या कंट्रोलरांपर्यंत पहिला बदल पोचू द्या आणि त्या लॉगिन-तिकिटांची मुदत, जी मूळ मांडणीत १० तास असते, उलटू द्या. हे काम पहिल्यांदा करत असाल तर जाणत्याला शेजारी बसवा.

आणि हे सगळं एका फटक्यात करा. आज टास्क काढला, उद्या पासवर्ड बदलला, परवा दुसरं मशीन साफ केलं, असं केलंत तर तो उरलेल्या दाराने येऊन बंद केलेलं दार पुन्हा उघडतो. आधी सगळी दारं शोधून यादी करा, मग एकाच बैठकीत मशीन तोडा, अकाऊंट बदला, टोकन रद्द करा. अ‍ॅडमिन हक्क गेलेलं मशीन मी साफ करत बसत नाही. नव्याने उभं करतो, आणि पहिल्या घुसखोरीच्या आधीच्या बॅकअपवरून डेटा आणतो. अलर्टच्या तारखेच्या आधीचा बॅकअप पुरत नाही, हे लक्षात असू द्या. आमच्याकडे त्या दोन तारखांमध्ये किमान सहा दिवसांचं अंतर होतं.

या गडबडीत वरिष्ठांना आणि कायद्याचं बघणाऱ्यांना पहिल्या तासातच कळवा. भारतात सर्ट-इन या सायबर घटनांचं बघणाऱ्या सरकारी संस्थेला ६ तासांत कळवण्याचं बंधन आहे, युरोपात व्यक्तिगत माहिती फुटली असेल तर ७२ तास मिळतात. ही घड्याळं तुम्हाला कळल्यापासून चालू होतात.

आमचं पुढे काय झालं

बॅकअपच्या अकाऊंटचं लॉगिन एका जुन्या सर्व्हरवरून आलं होतं. त्या सर्व्हरवर ईडीआरच नव्हतं, म्हणून तिथून कधीच अलर्ट आला नाही. हिशेबाचं मशीन आम्ही दोनदा स्कॅन करून स्वच्छ ठरवलं आणि घुसखोर सगळा वेळ या दुसऱ्या मशीनवर निवांत होता. एका शनिवारी दोन्ही मशीनं तोडली, बॅकअपचं अकाऊंट बंद करून नवं केलं, दोन्ही मशीनं नव्याने उभी केली. तीन आठवडे २:१७ च्या आसपासचे लॉग रोज सकाळी बघितले. काही आलं नाही. सिक्युरिटी लॉगचा आकार सगळीकडे वाढवला आणि लॉग वेगळ्या सर्व्हरवर जमा करायला लागलो.

बॅकअप अकाऊंटचा पासवर्ड मुळात कसा फुटला, हे मात्र कळलं नाही. त्या आठवड्याचे लॉग उरलेच नव्हते.